सरकारी विमा घे म्हटलं होतं

सिरीन,

मी माझ्या नादेरला घेऊन बोखुमला लेकीकडे चाललेय. परवा येईन, तोवर तुझी खोली रिकामी कर. तुमचं ठरलेलं लग्न मोडलं. फ्रीजमध्ये कुसकुस आहे, खाऊन जा. मावशीने उपाशी घालवलं म्हणायला नको.

विद्यापीठात फिट येऊन पडलीस, त्याचा मला राग नाही. पण खाजगी विमावाले आता दवाखान्याचं बिल भरत नाहीत, कारण अर्जात तू जुना आजार नाही असं लिहिलंस. शेजारी नादेर बसला होता, होणाऱ्या नवऱ्यासमोर खरं कसं लिहिणार? ही तुझ्या आईचीच शिकवण. बहीण माझी, पण लहानपणापासून लबाड.

नादेर रडतोय. म्हणतो, "आई, गोळ्या घेईल ती." मी म्हटलं, तू आणून देणार का? इथे एकदा खाजगी विमा घेतला की शिक्षण संपेपर्यंत तिला आता सरकारी विम्यात कुणी घेणार नाही.

तुझ्या मामालाही फिट यायच्या, हे नादेरला माहीत नाही. तुझ्या तोंडून कळलं तर तुझ्या आईला माझं दार कायमचं बंद.

मी दोन इयत्ता शिकलेली बाई, जन्मभर जर्मनांच्या फरशा पुसल्या. तरी तू आलीस त्याच दिवशी सांगितलं होतं, स्वस्त बघू नकोस, सरकारी घे, ते जुनं दुखणं विचारत नाहीत. ऐकलं असतंस तर औषधही मिळालं असतं आणि नवराही.

झोहरा मावशी