निवळीच्या सणाचं हळदीकुंकू

प्रिय अक्का,

तुला जाऊन वर्ष होत आलं, आणि एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. जिथे टपाल जात नाही तिथे पत्र धाडणं संस्कृतच्या मास्तराला शोभत नाही, असं मीच मला बजावत होतो. पण आज तुझ्या नावानं जे झालं त्याची अशी शिसारी आली आहे, की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही. समारंभातले पेढे घरी आलेत. ते मांजरानंसुद्धा हुंगून सोडले.

तुझा निवळीचा सण साजरा झाला, अक्का! सभागृहात, कर्णा लावून.

तुला आठवतं, डोहनगरी कधी वसली ते? संक्रांतीला आळीतल्या बायका वाणं लुटायला निघाल्या होत्या, आणि तू, सवाष्ण नव्हतीस म्हणून, आलवण नेसून माजघरात डाळ निवडत बसली होतीस. मी नुकता मुंज झालेला, म्हणजे महाशहाणा. कृष्णेच्या डोहाच्या तळाशी एक नगरी आहे आणि तिथले सण वेगळे असतात, असं तू मला अगदी सहज सांगितलंस, कुणी आपल्या आजोळचं सांगावं तसं.

पुराच्या दिवसांत तिथे गढूळपंगत. शेजारी कोण बसलंय ते दिसतच नाही, म्हणून कुणी कुणाला पानावरून उठवत नाही. उन्हाळ्यात डबक्याचा उत्सव. पाणी आटलं की राजा आणि खेकडा एकाच डबक्यात येतात, आणि सरकून जागा राजानं द्यायची! एकादशी मात्र नव्हती. मी कारण विचारलं, तर म्हणालीस, पाण्याखालून चंद्र फुटलेला दिसतो, तिथी मोजणार कोण? पाण्यात होम कसा पेटायचा, ही माझी शास्त्रोक्त शंकाही तू, तुझ्या मंत्रांचे बुडबुडे होतील, एवढं म्हणून निकालात काढली होतीस.

आणि सगळ्यांत मोठा सण निवळीचा. पूर ओसरून पाणी निवळलं की डोहातल्या लोकांना किती दिवसांनी एकमेकांची तोंडं दिसतात. मग ज्याचं कपाळ आधी दिसेल त्याला गाळाचं बोट लावायचं आणि हातावर एक ओला गोटा ठेवायचा. बाई आहे की बुवा, सवाष्ण आहे की नाही, कुणी विचारायचं नाही. पुढे आपण दोघं तो दर वर्षी करायचो, त्याला पंचांगही लागत नसे. घाटाशी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, पायाची बोटं दिसली की निवळी. माझ्याकडून बोट लावून घेताना तू डोळे मिटायचीस. वर्षातल्या तेवढ्या एका सकाळी तुझं कपाळ मोकळं नसायचं.

पण एक सांग, हे सगळं आळीतल्या पोरांना सांगायची तुला काय गरज होती? पोरांनी आयांना सांगितलं, आणि तू गेल्यावर वकिलीणबाईंना एकाएकी उमाळा आला. तुझ्या स्मरणार्थ आळीतल्या बायकांनी निवळी करायची. मी अध्यक्ष. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणीतरी तुझी आठवण ठेवली. मास्तरांना हार घातला की त्यांना असंच वाटतं.

दिवस रविवारचा ठरला, कारण सभागृह रविवारी रिकामं असतं. छताला कागदाचे मासे टांगले होते. गोट्यांच्या जागी साखरेचे खडे होते. कंट्रोलच्या दिवसांत वकिलांकडे एवढी साखर कुठून आली, हे डोहनगरीच्या राजालाच ठाऊक! गाळ घाण म्हणून रद्द झाला होता. त्याऐवजी चांदीची कुंकवाची कोयरी. बोलावणं फक्त सवाष्णींना. वर तुझा फोटो, झेंडूचा केवढा तरी हार घातलेला, आणि अक्का, तुझं कपाळ मोकळंच. तुझ्याच सणाला!

तेवढ्यात दारात पारू आली. आपल्या मागच्या खोलीतली, पलूसकडची. नवरा पलटणीत होता, लढाईत गेला. गेल्या दोन्ही निवळींना तूच तिला बोट लावलं होतंस. ती नवं लुगडं नेसून आली होती, हातात नदीतला गोटा होता. वकिलीणबाईंनी तिला उंबऱ्यावरच अडवलं. आवाज कसा मऊ, तुपात भिजवलेला. हे सवाष्णींचं आहे, तू मागाहून प्रसादाला ये.

पारू हलली नाही. म्हणाली, "आवं बाई, ह्यो सण आक्कांचाच न्हवं? मग आज आक्का आल्या असत्या, तर त्यांना कुटं बशीवलं असतं?"

कर्ण्यावरचं गाणंही नेमकं तेव्हाच थांबलं.

वकिलीणबाई म्हणाल्या, "अक्का समजूतदार होत्या. त्या आल्याच नसत्या."

हे वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही. आयुष्यभर ज्यांनी तुला माजघरात बसवलं, त्या तुझ्या तिथे बसण्याला समजूत म्हणतात! गाळाची त्यांना किळस येते. मला त्या कोयरीची आली.

मी भाषण केलं नाही. खुर्चीवर चढून तुझा फोटो खिळ्यावरून काढला, काखेत मारला आणि बाहेर पडलो. अध्यक्षानं सत्कारमूर्तीलाच पळवून न्यावं, हे सांगलीनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. मागून हाका आल्या. वकीलसाहेबांनी माझ्या प्रकृतीची चौकशीही केली.

पारू आणि मी थेट घाटावर गेलो. वाटेत तुझा हार सोडून एका बैलाला घातला. त्यानं तो निमूट खाल्ला. पाण्यात उतरून मी गाळात बोट बुडवलं, तुझ्या कपाळाला लावणार, तोच पारू म्हणाली, "थांबा गुरुजी. बोटं कुटं दिसत्यात अजून?"

खाली पाहिलं. पाणी गढूळच होतं, पाय घोट्याच्या वरच संपले होते. म्हणजे आज निवळी नव्हतीच, अक्का! तुझा सण त्यांच्या हाती लागलाच नाही. मी बोट धुतलं.

घरी आलो तर आमच्या मंडळी समारंभातून आधीच परतलेल्या. त्यांनी फोटोवरच्या झेंडूच्या पाकळ्या पदरानं पुसल्या. मग म्हणाल्या, "घाटावर जाल तेव्हा मला उठवा. कुंकवाच्या खाली अजून जागा आहे."

उद्यापासून रोज सकाळी मी गुडघाभर पाण्यात उभा राहीन. लोक म्हणतील, मास्तरांनी अनुष्ठान मांडलं. म्हणोत. ज्या सकाळी माझी बोटं मला दिसतील, त्या सकाळी पहिलं बोट तुला, दुसरं पारूला. हे वचन. फोटोची काच मी आत्ताच काढून ठेवली आहे.

तुझ्या डोहनगरीचा पळपुटा अध्यक्ष,
बापू