ऐटूच्या दाढीचं सीरम

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही.

काल सलूनमध्ये चित्रकलेचे मास्तर आले. दर पंधरवड्याला दाढी कोरून घेतात ते. दोन्ही गाल लालबुंद, हनुवटीवर पापुद्रे सुटलेले. वस्तरा लावायची सोयच नव्हती. काय लावलंत म्हणून विचारलं, तर त्यांनी पिशवीतून दाढी वाढवायच्या सीरमचा खोका काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, की तुझा चेहरा बघूनच घेतलं.

ताई, खोक्यावर मी आहे. दोनदा. 'नंतर' लिहिलंय तो फोटो हल्लीचा, सलूनच्या दारातला. 'आधी' लिहिलंय तो बाविसाव्या वर्षीचा. चाई लागून दाढीत रुपयाएवढी भोकं पडली होती आणि मी मफलर सोडत नव्हतो, आठवतं? तेव्हा ओळखीच्या डॉक्टरला दाखवतो म्हणून आपल्या ऐटूने मला मफलर काढायला लावून तो फोटो घेतला होता. सख्ख्या मावसभावाने इतकी वर्षं जपून ठेवला आणि आता स्वतःच्या सीरमवर छापला! खाली छापलंय, 'फक्त साठ दिवसांत'. मला दहा महिने लागले, तेही तू ओढत नेत होतीस त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या इंजेक्शनांनी. हे सीरम तर तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

एकोणीस तारखेला सकाळी ऐटू माझ्याकडेच दाढी कोरायला येतोय. दुपारी त्याचा दुकानदारांचा मेळावा आहे, तिथे दाढी मिरवत उभा राहणार. माझा बेत ठरलाय. केस काढायचं क्रीम तेलात कालवून त्याच्या गालाला चोळणार. तुमच्या औषधाच्या दुकानात सगळ्यांत जालीम कुठलं असेल ते पाठव. सोबत सीरमची बाटली खोक्यासकट देतोय, आत काय भरलंय तेही बघ.

माझा राग गरम आहे तोवर उत्तर येऊ दे, लोभाचं नंतर पाहू.

तुझा,
बारक्या

११ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. आ. वि.

क्रीम पाठवणार नाही. ऐटूची दया आली म्हणून नव्हे. मफलर गुंडाळून तू जेवायला बसायचास ते मी पाहिलंय. मला दया-बिया काही येत नाही. पण तू त्याचा गाल भाजलास तर गुन्हेगार तू ठरशील आणि तो बिचारा. एवढं सोपं त्याला करून द्यायचं नाही.

बाटली पाहिली. घटक कुठेच छापलेले नाहीत, नुसतं 'गुप्त वनस्पती'. तारीख नाही. झाकण उघडल्यावर कापूर आणि पुदिन्याच्या अर्काने डोळ्यांत पाणी आलं. कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावला, तासाभरात चकंदळ उठलं. माझ्या काउंटरवर या महिन्यात तिघे जण असलेच गाल घेऊन आले होते, ते आता ध्यानात आलं.

मास्तरांना सांग, सगळं बंद करा, कोमट पाण्याने चेहरा धुवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बरे झाल्यावर हौस असेलच तर घटक आणि तारीख छापलेलं, उग्र वास नसलेलं साधं तेल घ्यावं. आधी कोपरावर लावून एक दिवस थांबावं. मग धुतलेल्या, किंचित ओल्या दाढीला तीनच थेंब, मुळापर्यंत चोळून वर कंगवा. त्याने केस मऊ होतात, खाज थांबते. केसच नाहीत तिथे तेलाने केस उगवत नाहीत. त्याला औषध डॉक्टर सांगतात आणि महिनोन्महिने धीर लागतो. तुला हे पाठ आहे, पण तुझ्या गिऱ्हाइकांना तूच सांगत जा. तुझ्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास आहे, हे ऐटूला आपल्या आधी कळलं.

आता कामाचं. इतकी वर्षं त्याची दाढी तू कोरतोस. तिला कधी कापराचा वास आलाय का? नसेल आला, तर त्याचंच सीरम त्याच्यासमोर फोड आणि लावू का म्हणून विचार. चार माणसं असताना विचार. एवढंच कर, हात उचलू नकोस. बाकी मी बघते.

जेवणाकडे लक्ष दे. माझे आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी स्वतःची वापर.

तुझी,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वास बदामाचा. दर वेळी बदामाचाच. तुझं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला.

काल बाकावर मास्तर होते, शिवाय ऐटूकडून पन्नास खोके मागवलेला कोपऱ्यावरचा दुकानदार. त्याला मीच फुकट केस कापतो म्हणून बोलावलं होतं. ऐटू आला, खुर्चीत ऐसपैस बसला, आज चेहरा उठून दिसला पाहिजे म्हणाला. मी कापड बांधलं. डावी बाजू अशी कोरली, ताई, की आयुष्यात तशी कोरली नसेल. गालावरची रेघ दोरीने आखल्यासारखी. मग ड्रॉवरमधून त्याच्या सीरमचा विकत आणलेला नवा खोका काढला, सील फोडलं आणि तळहातावर चार थेंब घेतले.

आधी तो हसला. मग आज नको म्हणाला. मग म्हणाला, की सर्दी झालीय, वास सहन होत नाही. मी हात गालाजवळ नेला तशी त्याने मनगट गच्च धरलं. मास्तरांनी बाकावरूनच अगदी शांतपणे विचारलं, की तुम्ही स्वतः काय लावता? घाबरलेला माणूस खरं बोलून जातो. साधं बदामाचं तेल, म्हणाला. माझी कातडी नाजूक आहे, म्हणाला. मास्तरांनी तोंडावरचा रुमाल खाली केला. दुकानदार उठला आणि माल परत न्यायला आजच गाडी पाठव म्हणून सांगून गेला. केससुद्धा कापून घेतले नाहीत.

ऐटूला वाटलं, झालं ते झालं, आता उजवी बाजू होईल. मी कापड सोडून झटकलं. राहिलेलं तुझ्या गुप्त वनस्पतींकडून करून घे, म्हटलं. एक गाल कोरलेला, एक गाल झुडूप, असा तो भर रस्त्याने गेला. तू हात उचलू नकोस म्हणाली होतीस. मी तर हात आवरता घेतला.

तो गेल्यावर वस्तरा पुसून ठेवला. खोटं का बोलू, फार बरं वाटलं. अजून वाटतंय.

तुझ्या शाबासकीची वाट बघतोय. ती तरी हातचं राखून देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

२ फेब्रुवारी

प्रिय बारक्यास,
स. न. वि. वि.

तुझ्यामुळे मला मेळाव्याआधी दाढी सफाचट करावी लागली. दाढीच्या सीरमचा मालक गुळगुळीत तोंडाने उभा राहिल्यावर काय झालं असेल ते तूच समज. वर ताईने औषध निरीक्षकांकडे माझी तक्रार करायला घेतलीय, लोकांच्या सह्या जमवतेय. भाऊ ना आपण? फोटोचं मी तुला सांगणारच होतो, राहून गेलं. पुढच्या तेलावरही तुझाच फोटो टाकू, या वेळी विचारून.

ताई माझं ऐकणार नाही, म्हणून परवा आईलाच घेऊन तिच्याकडे जातोय. आईचा शब्द ती मोडत नाही.

झालं गेलं विसरून मला आपला मान.

तुझा,
ऐटू

५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. आ. वि.

शाबास. आता काल काय झालं ते वाच.

ऐटू मावशीला घेऊन दुकानात आला. मावशी दारातूनच चिडलेली. घरातल्या पोराला कचेरीत खेचतेस, तुला शोभतं का, असं चार गिऱ्हाइकांपुढे मला सुनावलं.  मी तिला खुर्ची दिली, खोका तिच्या हातात ठेवला आणि वर माझा अर्ज. अकरा जणांच्या सह्या झाल्या होत्या.

तिने चष्मा लावला. बराच वेळ 'आधी'कडे बघत राहिली. तुझ्या त्या दहा महिन्यांत मी कामावर असताना तुझ्यापाशी बसायला तीच यायची रे. तिने ऐटूला विचारलं, की बारक्याने हौसेने फोटो दिला असं तू मला सांगितलं होतंस ना? ऐटूने मान खाली घातली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग माझ्याकडे पेन मागितलं. मीच म्हटलं, की मावशी, तुझ्या सहीची गरज नाही, अकरा पुरेत. तिने ऐकलं नाही.

बारावी सही तिची आहे. पूर्ण नाव, पत्ता, आणि कोणी विचारलं नसताना पुढे कंसात लिहिलंय, 'त्याची आई'.

ऐटू रडला. आपण दोघांनी त्याला रडवायला किती आटापिटा केला, पण तो रडला तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. अर्ज आज दुपारी मी स्वतः नेऊन दिला.

मावशी माझ्याकडेच राहिलीय. तू रविवारी ये आणि तिच्या पाया पड. आम्हां दोघींचा जीव तुझ्यावर आहे तसाच आहे, तूही कमी करू नकोस.

तुझी,
ताई