एकशे एक्क्याऐंशीवा दिवस

प्रिय धाकट्या बंधूस,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझ्या पत्नीचा रक्तदाब आणि मागच्या अंगणातील लिंबाचे झाड या तिन्हींची खुशाली त्याच क्रमाने कळवावी. पत्रारंभी ‘इकडे सर्व कुशल’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु ते विधान पुढच्याच परिच्छेदात खोटे ठरणार असल्याने गाळतो.

तुला स्मरत असेल की यंदाचे माझे करविवरणपत्र तूच भरून दिलेस. (तू तीस वर्षे हिशेब तपासण्यात घालवलीस, मी चाळीस तर्कशास्त्र शिकवण्यात. घरात कोणाचे ऐकले जाई, हे येथे अप्रस्तुत आहे.) नियम सरळ आहे. नागरिक मी तिकडचा, वास्तव्य माझे इकडे. वर्षातून एकशे ऐंशी दिवसांपर्यंत तिकडे राहिलो तर माझ्या इकडच्या निवृत्तिवेतनावर तिकडचा कर नाही. एक दिवस जरी अधिक झाला तरी संपूर्ण वेतनावर आहे. तू एकशे ऐंशी लिहिलेस, माझी सही घेतलीस, कार्यालयाने ते स्वीकारले. शहाण्या माणसाने येथे थांबायचे असते.

मी मात्र ते स्वीकृतिपत्र वाचायला घेतले. वाचताना ध्यानात आले की मी विमानतळावर उतरलो तो दिवस तू मोजलेलाच नाहीस. आता असे पाहा: आगमनाचा दिवस वास्तव्यात धरायचा नसेल, तर सकाळी येऊन सायंकाळी परत जाणारा मनुष्य मुळी आलाच नाही असे होते; मग त्या न आलेल्या मनुष्याला दुपारी जेवू कोणी घातले? असा दोष माझ्या सहीच्या कागदावर राहणे मला सहन होईना. मी करअधिकाऱ्यांना पूर्वपक्ष-उत्तरपक्षासह चार पानी पत्र लिहिले. (तिसऱ्या पानावर तुझ्या गणिताविषयी ‘बालिश’ हा शब्द आला आहे. तो संदर्भासह वाचावा.) लिफाफा टपालात टाकायला नेताना सूनबाई म्हणाली, “बाबा, पण त्यांनी विचारलंय का तुम्हाला काही?” मी म्हणालो, सत्य कोणी विचारण्याची वाट पाहत नाही. “मग पाहू दे की थोडी!” असे ती जिना उतरता उतरता म्हणाली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. पहिलीच ओळ: ‘आपला युक्तिवाद मान्य करण्यात येत आहे.’ अरे, चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने, सहकाऱ्याने किंवा तुझ्या दिवंगत वहिनीने हे वाक्य मला उद्देशून उच्चारले नव्हते. मी ते सूनबाईला दोनदा वाचून दाखवले, शेजारच्या दंतवैद्याला एकदा. (त्याला आपली भाषा येत नाही, तरी त्याने मान डोलावली.) चिरंजीवांनी शांतपणे पान उलटले. मागे मागणीची रक्कम होती. “अभिनंदन, बाबा. जिंकलात. आता भरा.” ही रक्कम तुझ्याकडे येण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांपेक्षा किंचित अधिक आहे. तात्पर्य, यंदा येणे नाही. हे मी तीन प्रकारे मांडून पाहिले. निष्कर्ष बदलत नाही. सध्या खिडकीशी बसतो. समोर गाड्या उभ्या करण्याची जागा आहे. त्या किती आहेत हे मोजणेही मी सोडले आहे.

एक फट तेवढी उरली. त्याच पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत म्हटले आहे की, मुक्काम अपरिहार्य कारणाने लांबला असल्यास तेवढे दिवस वगळता येतील; ज्यांच्या घरी राहिलात त्यांचे लेखी निवेदन जोडावे. आता माझा मुक्काम एका दिवसाने लांबला, तो का? सामान टॅक्सीत चढले होते, माझा एक पाय आत होता, आणि तू फाटकाशी उभा राहून म्हणालास, “दादा, आजचा दिवस राहा ना.” बस, एवढेच. एकोणसत्तर वर्षांत तू माझ्याकडे काही मागितल्याचे हे पहिलेच उदाहरण, त्यामुळे कारण विचारायचे मी विसरलो. (हेही पहिलेच उदाहरण.) तिकीट बदलले, दंड भरला. आणि त्या दिवशी आपण केले काय? स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाचा पाय बसवला, बसला नाही म्हणून काढला, पुन्हा बसवला. सायंकाळपर्यंत आपण चार वाक्ये बोललो असू. त्यातली तीन पाचरीविषयी. यात अपरिहार्य काय होते, हे मी कोणत्याही अधिकाऱ्याला सिद्ध करून दाखवू शकत नाही. नको तेव्हा माझा युक्तिवाद मान्य झाला. हवा आहे तेव्हा माझ्यापाशी युक्तिवादच नाही.

प्रकृतीस जपावे. जिना चढू नये.

तुझा,
दादा

ता. क. : त्या दिवशी तू आजारी होतास, असे निवेदन लिहून पाठव. मी तुला खोटे लिहायला सांगत नाही. तसे मी आयुष्यात कोणाला सांगितलेले नाही. फक्त नीट आठवून पाहा, कुठे काही दुखत होते का.

पुन्हा ता. क. : ‘बालिश’ हा शब्द मागे घेतो.

आणखी एक : आज मागणीचे पैसे भरायला म्हणून बाहेर पडलो आणि तिकीट काढून परत आलो. येण्याचा व जाण्याचा दिवस धरून मुक्काम एकशे एक्क्याऐंशी दिवसांचा होतो. तू पुन्हा मोजत बसू नकोस. मी येईपर्यंत टेबलाला हात लावू नये.