गाडी अजून तयार नाही

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.१०
बाबांना दवाखान्यातून घरी आणून बारा दिवस झाले. पक्षाघाताचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणतात. उजव्या हाताला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. आता चमचा निसटला की चमच्याकडे असे बघतात, जसे पूर्वी आडव्या घुसलेल्या स्कूटरवाल्याकडे बघायचे.

फिजिओ बाई रोज येतात. म्हणाल्या, चिमटीत काहीतरी धरून मनगट फिरवायला हवं. रबरी चेंडू देऊन गेल्या. बाबांनी तो उशीखाली सारला आणि विचारलं, "मी मांजर आहे का?"

मला जागच्या जागी उपाय सुचला. रिमोटवरची छोटी गाडी! डाव्या हातात रिमोट, त्याच हाताच्या बोटाखाली ॲक्सिलरेटर. उजव्या चिमटीत फिरवायचं बारकं स्टिअरिंग. ड्रायव्हरला ड्रायव्हिंगनेच बरं करायचं. फिजिओ बाईंना कल्पना आवडली. मलाही आवडली.
संकल्प : महिनाभर नीट अभ्यास करून मगच घ्यायची. घाई नाही.

मंगळवार, ५ मार्च. दुपारी २.००
गाडी घेतली.

तळहातावर मावते. निळी. दुकानवाले म्हणाले, नवख्या माणसाने तयार गाडीच घ्यावी, सुट्या भागांच्या नादी लागू नये. दोन महिने नुसती चालवायची, काही म्हणजे काही बदलायचं नाही. फार तर टायर. मी हसलो. बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली आहेत. इतरांना दिसत नाहीत ते स्क्रू मी आवळतो. माझ्यासारखं गिऱ्हाईक त्यांच्याकडे रोज येत नसावं.

गुरुवार, ७ मार्च. सकाळी ८.३०
बाबांच्या हाती देण्याआधी चाचणी घेणं माझं कर्तव्य. रिमोट सदोष आहे. गाडी माझ्यापासून दूर जाते तोवर ठीक. माझ्याकडे यायला लागली की डावीकडे वळवली तर उजवीकडे जाते. तीनदा कपाटावर. एकदा माझ्याच घोट्यावर.

दुकानवाल्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, गाडीचं तोंड तुमच्याकडे होतं का? म्हटलं, हो. म्हणाले, मग बरोबर आहे, तेव्हा उलटंच वाटतं. विकून झाल्यावर सगळे असंच बोलतात.

बाबा पलंगावरून म्हणाले, "अरे, तू गाडीकडे बघतोयस. गाडीत बसून बघ."
तळहाताएवढ्या गाडीत! वय झालं.
मग त्यांनी हात पुढे केला, डावा. म्हणाले, आण इकडे. मी समजावलं, गाडी अजून तयार नाही.

रविवार, १० मार्च. सकाळी ११.००
नियम : एका वेळी एकच बदल. बदल करायचा, चालवून बघायचं, मग पुढचा.

आज फक्त बेअरिंग बदलले. चाकं काढलीच होती म्हणून टायरही. टायर काढल्यावर पुढच्या स्प्रिंगा समोरच आल्या. एक स्प्रिंग उडाली. चष्म्यावर चष्मा चढवून गालिचा बोटाबोटाने तपासला. दीड तास. स्प्रिंग शेवटी हिच्या चपलेत सापडली. मला नाही, हिच्या पायाला.

गुरुवार, १४ मार्च. संध्याकाळी ६.१५
हिने विचारलं, "गाडी नक्की कुणाची आहे?"
म्हटलं, बाबांची. हा काय प्रश्न झाला?
"मग त्यांनी तिला हात कधी लावायचा?"
मी पुढच्या टायरची ग्रिप अजून कशी कमी पडते, ते सविस्तर सांगितलं.
ही म्हणाली, "अहो, ग्रिप बाबांची सुधारायची होती."
बायकांना तांत्रिक गोष्टी पटकन समजत नाहीत.

रविवार, १७ मार्च. दुपारी ४.४५
दुकानवाले दर रविवारी एका हॉलमध्ये गालिचा अंथरून शर्यत लावतात. नवख्यांच्या गटात नाव दिलं. बाबांना दाखवायला काहीतरी यश हवं, एवढाच हेतू.

आठ जण. पहिली आली एक निवृत्त दातांची डॉक्टरीण. वय सत्तरच्या आसपास, मांडीवर पर्स. गाडी दुकानातून आणली तशीच. मधूनमधून शेजारणीशी बोलत होती! मी सातवा होतो. मग ज्याची गाडी सुरूच होत नव्हती, त्याची सुरू झाली.

कारण उघड आहे. मोटर. बाकी सगळं उत्तम असताना मोटर मागे खेचते.
घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कितवा?" म्हटलं, अनुभव चांगला मिळाला.

मंगळवार, १९ मार्च. दुपारी १.३०
ब्रशलेस मोटर घेतली, म्हणजे शर्यतीतली, दुप्पट वेगाची. दुकानवाल्यांनी तीनदा विचारलं, "नक्की?" तिच्यासाठी आतला कंट्रोल बोर्ड बदलावा लागला. बोर्डासाठी गिअर. स्टिअरिंगही जास्त चपळ केलं, कारण वेगाला ते हवंच. जुनी मोटर आणि बोर्ड भंगारात टाकून मोकळा झालो. मागे वळून बघणारा माणूस मी नव्हे.

गाडी दिसत नाही, इतकी जोरात जाते. पूर्ण यश.

शनिवार, २३ मार्च. संध्याकाळी ५.४०
आज फिजिओ बाईंनीच विषय काढला. किती दिवस झाले, गाडी कुठाय? म्हटलं, चला, आजच मुहूर्त.

बाबांनी दाढी करून घेतली होती. स्वच्छ शर्ट. उशांना टेकून बसले. डाव्या हातात रिमोट दिला. बाईंनी उजवा हात धरून स्टिअरिंगवर ठेवला. बोटं थरथरत होती, पण बसली. बाबांनी आधी आरशात बघतात तसं मागे बघितलं. मग पुढे. मग बोट जेमतेम टेकवलं.

हात थरथरला तशी गाडीने दोन गिरक्या घेतल्या, दारातून बाहेर गेली आणि जिना उतरली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. प्रत्येक पायरी ऐकू आली. मग खालून कुणीतरी बाई ओरडली.

बाबांनी विचारलं, "कुणाला लागलं का?"

ही खाली धावली. कुणाला लागलं नव्हतं, पहिल्या मजल्यावरच्या काकू दचकल्या होत्या, एवढंच. ते कळल्यावर बाबांनी रिमोट पलंगावर ठेवला आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून चादरीखाली सारला. एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

मी म्हटलं, सेटिंग जरा कमी-जास्त झालं असेल. बाबा म्हणाले, "चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही."

रविवार, २४ मार्च. सकाळी १०.००
बाबांनी व्यायाम केला नाही.

मंगळवार, २६ मार्च. संध्याकाळी ६.००
आजही नाही. फिजिओ बाई दाराशी हळू आवाजात म्हणाल्या, बोटं पुन्हा आवळायला लागली आहेत, असेच आठ दिवस गेले तर मागे जाऊ. मी बाबांना चेंडू दिला. त्यांनी घेतला नाही. चमचाही नको म्हणाले. ही भरवते. ते भिंतीकडे बघत गिळतात.
चूक तशी दाराची. ते उघडं का होतं?

बुधवार, २७ मार्च. दुपारी १.१५
जेवणाच्या सुट्टीत गाडी दुकानात नेली. म्हटलं, पहिल्यासारखी करून द्या. हळू, साधी, होती तशी. दुकानवाल्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाले, यात मूळचं काय उरलंय? मागची काच फक्त. तीही तडकली आहे. जुनी मोटर आणा, बोर्ड आणा, बघू.

भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, साहेब, ते कधीच गेलं. तरी मला ढीग दाखवला. मी ढिगासमोर बराच वेळ उभा होतो. चष्म्याच्या दुकानात परत यायला उशीर झाला. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा घातला. त्याला छान दिसत होतं म्हणे.

शनिवार, ३० मार्च. संध्याकाळी ५.३०
दार उघडलं तर घरात गाडी चालू. तीच, निळी. क्षणभर वाटलं, माझी बरी झाली. माझी कपाटावर होती, दुरुस्तीत.

ही परस्पर दुकानात जाऊन दुसरी घेऊन आली होती. आणली तशी बाबांच्या पायाशी ठेवली आणि ओट्याकडे गेली म्हणे. पाऊण तास त्यांनी हात लावला नाही. मग लावला.

गाडी खुर्चीच्या पायाशी थांबली. जराही धक्का न बसता. तिथे उभीच. मला वाटलं, बिघडली. पुढे झालो तर बाबा म्हणाले, "थांब रे. माणसं चढतायत."
मग निघाली. टेबलापाशी पुन्हा थांबली. उजवा हात थरथरत होता. गाडी थरथरत नव्हती.

मी सुचवलं, मागचे टायर जरा मऊ घातले तर वळणावर...
बाबा म्हणाले, "हात लावायचा नाही."
ही आतून म्हणाली, "अजिबात नाही."

शनिवार, ६ एप्रिल. सकाळी ९.२०
फिजिओ बाई खूश. बोटं सैल झाली. बाबांनी स्वतः चमच्याने खाल्लं, अर्धं सांडलं, पण भरवून घेतलं नाही. बाईंनी हिचं कौतुक केलं. कल्पना मुळात कुणाची, हा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. थोडा खोकलो.

रविवार, १४ एप्रिल. सकाळी ११.३०
आजपासून मला जबाबदारी मिळाली आहे. बाबांनी स्वतः नेमलं. सेल संपले की बदलायचे. गाडीत चार सेल. बाकी कशाला बोट लावायचं नाही.

पहिल्याच दिवशी काम अचूक केलं. झाकण लावलं, गाडी खाली ठेवली. हलेना. मोटरची तपासणी करावी लागेल, असं मी सांगायला लागलो. बाबांनी गाडी मागितली. झाकण उघडलं, आत पाहिलं आणि उजव्या हाताच्या चिमटीत एक सेल धरला. बोटं घसरली. पुन्हा धरला. बाहेर काढला, फिरवला, सुलट बसवला. ही ओट्यापाशी हातातलं काम थांबवून बघत होती.

व्यायाम व्हावा म्हणून मी तो मुद्दामच उलटा घातला होता, असं सांगायची तयारी ठेवली होती. कुणी विचारलंच नाही.