मीटरच्या कपाटातले देव

मंगळवार, ७ मार्च २००६
घर घेणाऱ्यांनी पाठवलेला इन्स्पेक्टर आला. उंच, नम्र, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. हॉलंडमध्ये कापेलमधल्या या घराची इतक्या आदराने चौकशी आजवर कुणी केली नव्हती. भिंतीवर टकटक करायचा आणि उत्तराची वाट बघत थांबायचा. शेवटी दारालगतचं मीटरचं कपाट. वर वीज, खाली गॅस, मधल्या फळीवर सुनंदाचे देव. वाकून पाहिलं त्याने. निरांजनाकडे बोट दाखवून, "हे पेटवता?"
"रोज सकाळी."
मग बराच वेळ लिहीत होता.

गुरुवार, ९ मार्च
रिपोर्ट. एजंट मार्लूसबाईंनी फोनवर वाचून दाखवला. जिन्याचा कठडा बुटका, बाथरूममधलं सॉकेट नळाच्या फार जवळ. हे किरकोळ. कपाट मात्र लाल अक्षरांत. हवेचे झरोके बुजवलेले, गॅसमीटरजवळ उघडी ज्योत, वर काजळी. सगळं नियमात आणा, पुन्हा तपासू. नाहीतर व्यवहार रद्द.
"इतकी वर्षं तुम्ही गॅसशेजारी आग लावत होतात?"
म्हटलं, आग नाही, पूजा. बाई म्हणाल्या, विमावाल्यांशी यातलं काही बोलू नका.
व्यवहार मोडला तर पुण्याला परतणं लांबलं. नोकरी तर सोडून बसलोय. वाईट वाटायला हवं होतं. चहा केला.

शुक्रवार, १० मार्च
घर घेतलं तेव्हा सु. होकायंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली होती. देव ईशान्येला हवेत. ईशान्येला निघालं हे कपाट. डच माणसाने घर बांधताना वास्तुशास्त्राचा एवढा एकच नियम पाळला, तोही चुकून. मी म्हटलं होतं, बरंय, विजेचा मीटर कसा पळतो ते देवांना समोरच दिसेल. "तुमची जीभ तेवढी गॅसपासून लांब ठेवा," सु. म्हणाली होती.

रविवार, १२ मार्च
रेवा लायडनहून आली. लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "बाबा, यू डोन्ट ईव्हन बिलीव्ह."
खरंय. तरी सु. गेल्यापासून रोज निरांजन लावतो. श्रद्धा नाही. सवय म्हणावी तर...
विचारलं, देव तू नेशील का? तिच्या होस्टेलवर मेणबत्तीलासुद्धा बंदी. म्हटलं, एवढी शिकलेली माणसं, उजेडाला का घाबरतात? हसली नाही. मीही नाही.

मंगळवार, १४ मार्च
दादाकडे फोन. वहिनींनी घेतला. "भावजी, या तुम्ही खुशाल, खोली झाडून ठेवलीय. पण एका घरात दोन देवघरं नकोत हो. आमचे देव आहेत ना."
अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण सु.च्या माहेरचे. लग्नात तिच्यासोबत आलेले.
"मग त्यांचं काय करू?"
"वाहत्या पाण्यात सोडा. नदी असेलच की तिकडे."
आहे. आयसेल. पण इथे नदीत पितळ सोडायचं तर आधी खेमेंटेत, म्हणजे पालिकेत, अपॉइंटमेंट घ्यावी लागेल. वहिनींना हे सांगितलं. "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणाल्या.

शनिवार, १८ मार्च
सॉकेट, कठडा झाले. आज झरोके. सु.ने ते वातींच्या कापसाने बुजवले होते. ज्योत विझते म्हणून. चिमट्याने ओढून काढला. खालच्या झरोक्यातला पांढरा, वरचा काळा. येतच राहिला. कचऱ्याच्या डब्याशी दोनदा जाऊन आलो. सध्या कोटाच्या खिशात.
रेवा स्टुलावर चढून काजळी घासत होती. "आई वॉज क्रेझी." घासत राहिली. मग हात थांबला. "बाबा, सगळं काढायचं?" चक्क मराठीत.
म्हटलं, इन्स्पेक्टर उंच आहे.

मंगळवार, २१ मार्च
घर घेणारी मुलगी टेप घेऊन आली. या कपाटात व्हॅक्यूम क्लीनर मावेल का? मार्लूसबाई म्हणाल्या, मावेल, पण नियमात बसत नाही. मुलगी खट्टू झाली. मला उगाच बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत काहीतरी वाटलं, एवढीच नोंद.
देव जिन्याच्या पहिल्या पायरीवर, सुपरमार्केटच्या पिशवीत. निरांजन बंद.

गुरुवार, २३ मार्च
इन्स्पेक्टर परत. झरोक्यापुढे तळहात धरून वारा तपासला. मान डोलावली. पास.
जाताना विचारलं, "ते आता कुठे असतात?"
पिशवी दाखवली. वाकून बघितलं. म्हणाला, इथे मात्र ते जाण्यायेण्याच्या वाटेत येतात. हे लिहिलं नाही. पिशवीला वळसा घालून, अंग चोरून गेला.

शुक्रवार, २४ मार्च
अंघोळ करून, न ठरवता, देव पुन्हा फळीवर मांडले. सहीपर्यंत तरी. वात भिजवली. काडी ओढली, विझली. दुसरी वातीपर्यंत पोचली, तीही गेली. वारा अगदी नियमाप्रमाणे येतोय.
फोन वाजतोय. मार्लूसबाई असणार, सही सोमवारी की मंगळवारी, ते विचारायला. वाजू दिला.
कोट खुंटीवर होता. खिशातला कापूस काढून इथे वहीशेजारी ठेवलाय. पांढरा वेगळा, काळा वेगळा. कपाटाचं दार उघडंच आहे.