चटणीतला खळगा

आई, नानांचं वजन पुन्हा वाढू लागलंय आणि कोलेस्टेरॉलही आटोक्यात आहे. आज सकाळी द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहून तसं सांगितलं. बातमी आधी, बाकीचं नंतर, ही माझी नोकरीतली सवय. तुला लिहितानाही सुटत नाही.

तू गेल्यावर नानांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि त्यांनी तेल पार सोडलं. तसं कुणी सांगितलं नव्हतं, घाबरले होते. वाफवलेली भाजी, कोरडी भाकरी, तीही अर्धीच. सदरा खांद्यांवरून ओघळायला लागला, तेव्हा मी त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. आम्हा बाप-लेकीला समोर बसवून त्या म्हणाल्या, "आजोबा, तेल कमी करायचं होतं, जेवण नाही. शेंगदाण्याचंही मापात चालेल. धास्ती वाटत असेल तर ऑलिव्हचं घ्या, हृदयाला मानवतं ते. पण तूप-लोण्याच्या जागी घ्यायचं, वरून आणखी नाही. आणि ताटात डाळ, पालेभाजी, भाकरी हवीच. नुसत्या तेलानं काही होत नाही."

मी बाटली आणली. नानांनी झाकण उघडून वास घेतला. "हे तं पोरांच्या अंगाला चोळायचं तेल. मी काय तान्हा हाय का?"

मला हसू आलं, कारण माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं. दिंडोरीचं आपलं न्हाणीघर, औषधांच्या दुकानातून आणलेला तळहाताएवढा पिवळा डबा, आणि तू पाय पसरून बसली आहेस, पायांवर माझी तान्ही लेक. मी दारातून विचारते, यातलं थोडं फोडणीला घालू का? तू तेलकट हातानंच मला हाकलतेस. "येडी का तू? औषधाच्या दुकानातलं कुणी खातं का?"

आठवडाभर बाटली तशीच पडून होती. मग एका दुपारी तुझं वाढणं आठवलं. नानांच्या ताटात कारळ्याची चटणी, तिच्या मधोमध तू बोटानं केलेला खळगा, त्यात कच्चं तेल. मी चटणी वाढली आणि शेजारी बाटली ठेवली.  नानांनी स्वतःच बोटानं खळगा केला. "वत थोडं. लय नको."

त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी मागितली. मी तव्याकडे तोंड करून उभी राहिले.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. त्याआधी, दिवाळीच्या सुमारास, लेक बाळंतपणाला माझ्याकडे येतेय. एक बाटली न्हाणीघरात ठेव, असं नानांनी आत्ताच बजावलंय. बाळाला कुठलं तेल लावायचं ते डॉक्टर सांगतील. पण बाळाला अंघोळ मीच घालणार, अगदी तुझ्यासारखी, असं सगळे धरून चाललेत. मी फक्त दारातून पाहिलं होतं, आई. मला येत नाही, हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.