भावजींच्या गेमला तेलपाणी

घोडपदेव, मुंबई
१२ सप्टेंबर १९९९

तीर्थरूप भावजींच्या चरणी चंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. शांताताईची कंबरदुखी आणि तुमचा राग, दोन्ही थोडे उतरले असतील अशी आशा आहे.

तुमचं पत्र पोचलं. एवढ्याशा डब्यात एक चिप बसवायला दीड महिना कसा लागतो, असं तुम्ही विचारलंत. चिपळुणात बसून विचारायला काय जातंय! मस्कतहून तुमच्या भावाने पाठवलेल्या व्हिडिओ गेमवर इथल्या डिस्क चालाव्यात, म्हणून त्यात नखाएवढी चिप चिकटवायची आणि तिच्या सात वायरी केसभर जागेत सोल्डर करायच्या. मी पडलो रेडिओ-मिक्सरवाला. पहिला आठवडा तर स्क्रू उघडण्यातच गेला (त्याला लागणारा स्क्रूड्रायव्हर लॅमिंग्टन रोडला मिळाला, तोही तिसऱ्या खेपेला).

त्यात आपले तात्या. चार वर्षांपूर्वी गिरणीला टाळं लागलं तेव्हापासून तुमचे सासरे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले, हे तुम्ही जाणताच. बोलणं नाही, कुठे जाणं नाही. मला त्यांची खरंच काळजी वाटायची हो. पण जावयाची वस्तू उघडी पडलेली बघून उठले! मी खुशीत वायर आणायला खाली उतरलो, आणि तिथेच घोळ झाला. साचेखात्यात एकतीस वर्षं मागांना तेल घालण्यात गेलेली त्यांची. बंद मशीन चालू करायचं तर आधी तेल, हा शिरस्ता. रखमाच्या (म्हणजे आमच्या हिच्या) शिलाई मशीनची कुपी घेतली आणि जिथे काही फिरेलसं वाटलं तिथे दोन दोन थेंब सोडले. डिस्क वाचणाऱ्या भिंगावर तीन, जावयाची वस्तू म्हणून.

मी वाट्टेल तसा ओरडलो. मग लाज वाटली. कारण तात्या खाटेकडे न जाता कापूस घेऊन बसले आणि पाच दिवस एकेक कोपरा पुसत राहिले. वायरीही त्यांनीच धरल्या. माझ्यापेक्षा त्यांचा हात स्थिर, काय करणार! अजून बारीकसारीक काम उरलंय (साधारण महिनाभराचं). तरी क्षमा असावी.

आपला आज्ञाधारक,
चंदू

ता. क. : खोटं कशाला बोलू? गेम गेले अठरा दिवस झकास चालतोय. तात्या सकाळी सातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाड्यांच्या शर्यतीला बसतात ते थेट जेवणापर्यंत. विचारलं तर म्हणतात, टेस्टिंग चाललंय. हरले की टीव्हीला मालवणीत शिव्या घालतात. शेजारचे चिंतामणी तक्रार करायला आले, ते आता रोज दुसरा कंट्रोलर धरून असतात.

आणखी एक : काल तात्या स्वतःच म्हणाले, काम झालं, जावयाची वस्तू पोचती कर. तेव्हा सोमवारच्या एसटीने पाठवतोय. पण डबा गेला की ते पुन्हा भिंतीकडे वळतील. म्हणून एवढंच करा, भावजी. उलट एसटीने घरातलं काहीतरी बिघडलेलं तात्यांच्या नावाने पाठवा. पंखा, घड्याळ, काहीही. बिघडलेलं नसेल, तर कृपा करून बिघडवा.